ताम्रपत्र, पुरावा आणि इतिहास : हसनाबाद परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

भारतीय स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्र देऊन गौरविण्यात आले. त्याच वर्षी केंद्र शासनाची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. या सन्मानव्यवस्थेची उभारणी प्रामुख्याने तुरुंगवासाच्या लेखी नोंदीवर झाली होती. हैदराबाद संस्थानातील मुक्तिलढ्याचा मोठा भाग मात्र भूमिगत आणि सीमेवरील शिबिरांतून चालविला गेला. त्यामुळे मराठवाड्यातील सीमाभागात सन्मान आणि पुरावा यांत अंतर पडले. जालना जिल्ह्यातील हसनाबादसारख्या गावाच्या संदर्भात हे अंतर कसे निर्माण झाले, न्यायालयांनी त्यावर कोणती भूमिका घेतली, खोट्या दाव्यांमुळे कोणती हानी झाली आणि इतिहासाच्या अभ्यासकांपुढे त्यातून कोणते कार्य उभे राहते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : ताम्रपत्र, स्वातंत्र्यसैनिक, हैदराबाद मुक्तिसंग्राम, सीमेवरील शिबिरे, पुरावा, स्थानिक इतिहास.

१. प्रस्तावना

भोकरदन तालुक्यातील हसनाबाद हे गाव १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशात स्वातंत्र्याचा ध्वज फडकला. परंतु हसनाबादच्या परिसरात त्यानंतर तेरा महिने निजामाचीच सत्ता होती. साहजिकच १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशाने स्वातंत्र्याची पंचवीस वर्षे साजरी केली, तेव्हा या भागाच्या मुक्तीला चोवीस वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे २२ जानेवारी १९७२ रोजी, म्हणजे रौप्यमहोत्सवाच्या काही महिने आधी, निधन झाले होते.

राष्ट्राने आपल्या स्वातंत्र्यसैनिकांचा गौरव करणे ही घटना वरवर पाहता सोपी वाटते. तथापि 'स्वातंत्र्यसैनिक कोणाला म्हणावे' आणि 'ते कशावरून ठरवावे' हे दोन प्रश्न विचारले की तिच्यातील गुंतागुंत लक्षात येते. पहिला प्रश्न मूल्याचा आहे, दुसरा पुराव्याचा. मराठवाड्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर फारसे वादग्रस्त नव्हते. दुसऱ्याने मात्र अर्धशतकाहून अधिक काळ शासन, न्यायालये आणि गावागावांतील कुटुंबे यांना गुंतवून ठेवले.

२. ताम्रपट आणि ताम्रपत्र

तांब्याच्या पत्र्यावर राजाज्ञा कोरण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. वाकाटक, राष्ट्रकूट, यादव इत्यादी राजवटींचे ताम्रपट हे प्राचीन इतिहासाचे प्रमुख साधन होय. अशा ताम्रपटात दान देणारा राजा, दान घेणारी व्यक्ती वा संस्था, दिलेल्या भूमीच्या चतुःसीमा आणि दानाचे निमित्त सांगितलेले असते. चंद्रसूर्य असेतोवर आणि पुत्रपौत्रांपर्यंत दान चालावे अशी इच्छा, तसेच ते मोडणाऱ्यासाठी शापवचनही त्यात आढळते. हा ताम्रपट केवळ गौरवाचा नसे; तो स्वतःच हक्काचा दस्तऐवज असे.

१९७२ चे ताम्रपत्र हे या परंपरेचे रूप घेते, पण तिचा कायदेशीर आशय घेत नाही. राजमुद्रेखाली कोरलेल्या हिंदी मजकुरात स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त, स्वातंत्र्यसंग्रामातील स्मरणीय योगदानासाठी, राष्ट्राच्या वतीने प्रधानमंत्री श्रीमती इंदिरा गांधी यांनी हे पत्र भेट दिल्याचा निर्देश आहे. दिनांक इसवी सनाबरोबरच २४ श्रावण १८९४ असा शकातही दिला आहे. सर्वांसाठी मजकूर एकच असल्याने संबंधित व्यक्तीने कोठे, केव्हा, कोणाबरोबर आणि काय कार्य केले, हे ताम्रपत्रावरून कळत नाही. प्राचीन ताम्रपट बोलका असतो, तर आधुनिक ताम्रपत्र आदराने मौन पाळते.

हे पत्र पदवीही नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ नुसार सैनिकी आणि विद्याविषयक मानचिन्हांखेरीज राज्यसंस्थेला कोणताही किताब देता येत नाही. राष्ट्रीय पुरस्कार हे किताब नसून ते नावामागे वा नावापुढे लावता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पद्म पुरस्कारांच्या संदर्भात १९९५ मध्ये दिला. गावोगावच्या निमंत्रणपत्रिकांवर नावामागे 'स्वातंत्र्यसैनिक' हा शब्द छापला जातो. तो कायद्याने दिलेला किताब नव्हे, समाजाने दिलेला मान होय.

प्राचीन ताम्रपटांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. खोट्या दानपत्रांना 'कूटशासन' अशी संज्ञा होती आणि ती तयार करणाऱ्यास मनुस्मृतीने कठोर दंड सांगितला आहे. सम्राट हर्षाच्या मधुबन ताम्रपटात, एका ब्राह्मणाने कूटशासनाच्या आधारे उपभोगलेले गाव काढून घेऊन दुसऱ्यांना दिल्याचा उल्लेख येतो. सन्मानाशी लाभ जोडला गेला की बनावट पुरावाही निर्माण होतो, हा अनुभव अशा रीतीने तेराशे वर्षांहून जुना आहे. पुराभिलेखाचे अभ्यासक त्यामुळे ताम्रपट नाकारत नाहीत. ते त्याची लिपी, तिथी, भाषा आणि स्थळनामे तपासतात. हीच शिस्त विसाव्या शतकातील कागदपत्रांनाही लागू पडते.

३. सन्मान आणि निवृत्तिवेतन : दोन भिन्न व्यवस्था

सामान्य बोलण्यात ताम्रपत्र आणि स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन यांचा उल्लेख एकत्र होतो. वस्तुतः या दोन व्यवस्था वेगळ्या आहेत. ताम्रपत्र हा गौरव होय. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र शासनाने लागू केलेली निवृत्तिवेतन योजना ही आर्थिक साहाय्याची व्यवस्था होती. प्रारंभी वार्षिक उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा अधिक नसलेल्यांनाच ती लागू होती आणि किमान निवृत्तिवेतन दरमहा २०० रुपये होते. मराठवाड्यात ते वर्ष भीषण दुष्काळाचे होते, हे लक्षात घेतल्यास या रकमेचे कोरडवाहू शेतकरी कुटुंबातील महत्त्व स्पष्ट होते.

१ ऑगस्ट १९८० पासून उत्पन्नाची अट काढून टाकण्यात आली आणि योजनेच्या नावात 'सन्मान' हा शब्द आला. हा बदल केवळ शाब्दिक नव्हता. तोपर्यंत निवृत्तिवेतन हे गरजू स्वातंत्र्यसैनिकास दिलेले साहाय्य होते. त्यानंतर ते प्रत्येक पात्र स्वातंत्र्यसैनिकास दिलेली मानवंदना ठरले. रक्कम वेळोवेळी वाढत गेली. २०१६ मध्ये केंद्रीय योजनेची पुनर्रचना होऊन ती महागाईच्या निर्देशांकाशी जोडण्यात आली, तर महाराष्ट्र शासनाने आपले मासिक निवृत्तिवेतन २०२२ मध्ये १०,००० रुपयांवरून २०,००० रुपये केले. राज्याच्या योजनेत देशाच्या स्वातंत्र्यलढ्याबरोबरच मराठवाडा मुक्तिसंग्राम आणि गोवा मुक्तिसंग्राम यांतील सैनिकांचाही समावेश आहे.

केंद्रीय योजनेच्या पात्रतेचा गाभा 'सोसलेला त्रास' हा होता. किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास ही मुख्य कसोटी होय. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींसाठी ती तीन महिन्यांची होती. त्याखेरीज सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत राहणे, स्थानबद्धता वा हद्दपारी, मालमत्ता जप्त होणे, कायमचे अपंगत्व येणे, शासकीय नोकरी गमावणे, फटक्यांची शिक्षा भोगणे इत्यादी बाबीही मान्य होत्या. मात्र भूमिगत असणे म्हणजे केवळ घराबाहेर असणे नव्हे. संबंधित व्यक्ती फरारी घोषित झालेली असावी, तिच्या अटकेसाठी बक्षीस लावलेले असावे किंवा तिच्यावर स्थानबद्धतेचा आदेश निघालेला असावा, अशी अपेक्षा होती. म्हणजेच भूमिगत कार्यकर्त्याचा पुरावाही त्याला शोधणाऱ्या सत्तेच्याच दप्तरातून मिळावयाचा होता.

येथेच मूळ अडचण आहे. ज्या सत्तेविरुद्ध लढा दिला, तिच्या नोंदी हा लढल्याचा पहिला पुरावा ठरला. जेथे त्या सत्तेचे दप्तर व्यवस्थित होते तेथे हे निभावले. जेथे दप्तर अपुरे होते, विखुरले होते किंवा लढ्यातच जळून गेले होते, तेथे सैनिक आणि त्याचा सन्मान यांच्यामध्ये कागद उभा राहिला.

४. हैदराबाद संस्थानातील लढ्याचे स्वरूप

हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बेकायदा ठरविण्यात आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिने सत्याग्रह सुरू केला आणि डिसेंबरमध्ये तो स्थगित केला. आर्य समाजाचा सत्याग्रह १९३९ पर्यंत चालला. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज आणि हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी चळवळ केली. त्यांपैकी अनेकांना संस्थेतून काढून टाकण्यात आले आणि पुढील शिक्षणासाठी नागपूरसारख्या ठिकाणी जावे लागले. शिक्षण तुटलेला असा विद्यार्थी तुरुंगाच्या नोंदवहीत सापडत नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

लढ्याचा अखेरचा टप्पा ऑगस्ट १९४७ ते सप्टेंबर १९४८ असा होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी 'भारतात सामील व्हा' दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. २९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारानंतर त्यांची सुटका झाली; परंतु जानेवारी १९४८ मध्ये त्यांना पुन्हा अटक करण्यात आली. दरम्यान कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांच्या अत्याचारांमुळे गावेच्या गावे सीमेपलीकडे आश्रयास जाऊ लागली. लढ्याची सूत्रे कृती समितीकडे गेली आणि मनमाड, सोलापूर, बार्शी, उमरखेड, चांदा अशा संस्थानाच्या सीमेबाहेरील ठिकाणांहून शिबिरे चालविण्यात आली. जंगल सत्याग्रह, सरकारी महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीच्या धान्यास विरोध, करोडगिरी नाक्यांवर हल्ले, तारा तोडणे, गुप्त पत्रके व शस्त्रे पोहोचविणे असे कार्यक्रम झाले. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर टाकलेला छापा हे या टप्प्यातील सुपरिचित उदाहरण होय. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

या कार्यक्रमांचा विचार केल्यास एक बाब स्पष्ट होते. यशस्वी भूमिगत कार्यकर्ता तो, जो पकडला गेला नाही. आणि जो पकडला गेला नाही, त्याची तुरुंगात नोंद नाही. नाक्यावरील दप्तर जाळण्यात जो सहभागी होता, त्याने शत्रूच्या नोंदींबरोबर स्वतःच्या भावी पुराव्याचाही काही अंश नष्ट केला, असे म्हणता येईल.

५. सीमेजवळचे गाव आणि पुराव्याची चौकट

हसनाबादचे स्थान या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. हे गाव तेव्हा निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. भोकरदन आणि जाफराबाद या तालुक्यांची सीमा बुलढाणा जिल्ह्याला भिडते; बुलढाणा वऱ्हाडात, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ नंतर स्वतंत्र भारतात होता. दुसऱ्या बाजूस जालना हे निजाम रेल्वेच्या काचीगुडा–मनमाड मार्गावरील मोठे स्थानक होते आणि मनमाडला पोहोचताच संस्थानाची हद्द संपत असे. या परिसरातील कार्यकर्त्यास सीमेपार जाण्यासाठी पायवाट आणि आगगाडी असे दोन्ही मार्ग उपलब्ध होते. अशा भौगोलिक स्थितीत लढ्याचे स्वरूप तुरुंग भरण्यापेक्षा ये-जा, निरोप, आसरा आणि शिबिर यांभोवती आकार घेते.

याच जिल्ह्यातील धोपटेश्वर (तालुका बदनापूर) येथील दगडाबाई शेळके यांचे नाव सशस्त्र लढ्यातील धाडसाबद्दल मराठवाड्यात आदराने घेतले जाते. जालना शहरात हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांची स्मृती जपली गेली आहे. ही नावे लोकस्मृतीत टिकली. परंतु रात्री भाकरी बांधून देणारी स्त्री, सीमेपलीकडे निरोप नेणारा सालगडी, कार्यकर्त्यास गोठ्यात लपविणारा शेतकरी यांच्या कार्याची नोंद कोणत्या दप्तरात शोधावयाची, हा प्रश्न उरतोच. योजनेच्या भाषेत त्यांनी 'त्रास' सोसला की नाही हे सांगणेही कठीण. लढा मात्र त्यांच्यावाचून एक आठवडाही चालू शकला नसता.

ज्यांची नोंद होती, त्यांनाही ती सहजासहजी हाती लागत नव्हती. त्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) भाषा : निजाम राज्याचा कारभार उर्दूतून चालत असे. अटकेचा आदेश, न्यायालयाचा निकाल, तुरुंगाची नोंदवही हे सर्व उर्दूत होते. स्वातंत्र्योत्तर पिढीतील अर्जदार व तपासनीस यांपैकी अनेकांना ते वाचता येत नव्हते.

(आ) कालगणना : या नोंदींत फसली सन वापरला जाई. हे वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होई आणि आजूर, दै, बहमन असे त्याचे महिने असत. फसली १३५७ म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळविल्यास इसवी सन येतो. हे रूपांतर चुकले की तुरुंगवासाचे सहा महिने कागदोपत्री कमी-अधिक होऊ शकतात.

(इ) प्रशासकीय विभागणी : १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन राज्यांत विभाजन झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. संस्थानाचे मध्यवर्ती अभिलेख मात्र हैदराबादेस राहिले. पुढे १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला. त्यामुळे हसनाबादच्या एखाद्या सैनिकाचा लढा एका राज्यात, ताम्रपत्राच्या वेळची चौकशी औरंगाबाद जिल्ह्यात आणि पुढील पत्रव्यवहार जालना जिल्ह्यात, असे त्याचे प्रकरण विखुरण्याची शक्यता होती.

या अडचणींवर शासनाने दुय्यम पुराव्याची वाट काढली. तुरुंगाच्या नोंदी उपलब्ध नसल्यास तसा दाखला आणि त्यासोबत सहबंद्याचे प्रमाणपत्र. भूमिगतांच्या बाबतीत स्वतः दीर्घ तुरुंगवास भोगलेल्या ज्येष्ठ सैनिकाचे व्यक्तिगत माहितीवर आधारित प्रमाणपत्र. आणि हैदराबाद लढ्याच्या संदर्भात शिबिरप्रमुखाचे प्रमाणपत्र, अशी ही रचना होती. केंद्र शासनाने हैदराबाद लढ्याच्या दाव्यांसाठी विशेष छाननी समिती नेमली आणि मान्य शिबिरांची यादी निश्चित केली. राज्य शासनानेही ४ जुलै १९९५ च्या निर्णयाने भूमिगतांच्या पुराव्याचे निकष ठरविले. या रचनेत कागदाची जागा माणसाच्या शब्दाने घेतली. तिचे बळ आणि तिची दुर्बलता दोन्ही त्यातच होते; कारण प्रमाणपत्र देणारा ज्येष्ठ सैनिक हाच आता अभिलेखागार झाला होता.

६. न्यायालयांची भूमिका

सर्वोच्च न्यायालयाचे तीन निर्णय या विषयाच्या आकलनासाठी महत्त्वाचे आहेत. त्यांतील पहिला, मुकुंदलाल भंडारी विरुद्ध भारत सरकार (१९९३), हैदराबाद संस्थानातील आर्य समाजाच्या सत्याग्रहाशी संबंधित होता. या सत्याग्रहास केंद्र शासनाने १९८० च्या दशकाच्या मध्यावर स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून मान्यता दिली. परंतु अर्ज करण्याची ३१ मार्च १९८२ ही मुदत त्यापूर्वीच संपली होती. योजनेचा हेतू सन्मान करण्याचा व गरज असेल तेथे हाल कमी करण्याचा आहे, त्यामुळे केवळ विलंबाच्या कारणावरून पात्र व्यक्तीचा अर्ज फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. लाभ मात्र अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून द्यावा, असा समतोल त्यात साधला होता.

दुसऱ्या, गुरदियाल सिंग विरुद्ध भारत सरकार (२००१) या निर्णयात पुराव्याच्या मोजमापाचा प्रश्न आला. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयातीतपणे सिद्ध व्हावा लागतो. स्वातंत्र्यसैनिकाच्या दाव्यास ही कसोटी लावणे योग्य नाही. उपलब्ध पुराव्यावरून दावा अधिक संभाव्य वाटतो काय, एवढेच पाहावे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. अनेक दशकांपूर्वीच्या घटनेचा पुरावा मागताना काळाने केलेली झीज विचारात घेतली पाहिजे, हे तत्त्व इतिहासलेखनाच्या पद्धतीशीही सुसंगत आहे.

तिसरा निर्णय २००५ मधील असून तो महाराष्ट्रातील, किंबहुना मराठवाड्यातीलच आहे. बीड जिल्ह्यात बनावट कागदपत्रांच्या आधारे स्वातंत्र्यसैनिक म्हणून लाभ घेतल्याच्या तक्रारी झाल्या. निवृत्त न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाने त्यांची चौकशी केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फसवणुकीने मिळविलेला लाभ कायद्याच्या संरक्षणास पात्र ठरत नाही, हे तत्त्व न्यायालयाने या निमित्ताने अधोरेखित केले.

हे तीन निर्णय परस्परविरोधी नाहीत. पहिले दोन खऱ्या सैनिकास नाकारले जाण्याच्या अन्यायाकडे लक्ष वेधतात, तर तिसरा खोट्यास स्वीकारले जाण्याच्या अन्यायाकडे. पुराव्याची अट कडक केली तर पहिला अन्याय वाढतो. सैल केली तर दुसरा. कोणतीही नियमावली दोन्ही पूर्णतः टाळू शकत नाही. पुरावे गोळा करण्यास जितका विलंब होतो तितके हे दोन्ही धोके एकाच वेळी वाढतात, कारण साक्षीदार उरत नाहीत आणि कागद मात्र कधीही तयार करता येतो.

खोट्या दाव्यांची हानी केवळ शासकीय तिजोरीची नाही. गावात एका खोट्या सैनिकाची कुजबुज सुरू झाली की शेजारच्या खऱ्या सैनिकाच्या भिंतीवरील ताम्रपत्राकडेही संशयाने पाहिले जाते. ज्यांनी निवृत्तिवेतनासाठी कधी अर्जच केला नाही, त्यांच्या निःस्वार्थीपणाचा अर्थ 'काही केले नसेल' असा लावला जातो. अशा रीतीने लाभार्थ्यांची यादी हाच इतिहास मानला जाऊ लागतो. ही समजूत दूर करणे हे इतिहासाच्या अध्यापनाचे कर्तव्य आहे.

७. आयर्लंडचा अनुभव

अन्य देशांनाही हा प्रश्न सोडवावा लागला. फ्रान्समध्ये द गॉल यांनी १९४० मध्ये स्थापन केलेला मुक्तिसन्मान १९४६ मध्ये बंद करण्यात आला. तो मिळालेल्या व्यक्तींची संख्या १,०३८ होती. मोजक्यांनाच गौरवून यादी बंद करणे हा एक मार्ग झाला.

आयर्लंडचा मार्ग मराठवाड्यास अधिक उद्बोधक वाटतो. तेथेही लढा प्रामुख्याने गनिमी व भूमिगत होता. १९२४ च्या कायद्याने सैनिकांना निवृत्तिवेतन देण्यास प्रारंभ झाला. पुढे १९४२ मध्ये १९१७ ते १९२१ या काळातील सेवेसाठी पदक निर्माण करण्यात आले. प्रत्यक्ष लढलेल्यांच्या पदकावर विशेष पट्टी असे. साहाय्यकांना पट्टीविना पदक मिळे. भाकरी देणारा आणि बंदूक धरणारा या दोघांचेही योगदान मान्य करून त्यांतील भेद प्रामाणिकपणे दर्शविण्याची ही पद्धत होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे घडली. १९४७ ते १९५७ या काळात तेथील शासनाने लढ्यातील सहभागी व्यक्तींच्या १,७७३ साक्षी नोंदवून घेतल्या आणि २००३ मध्ये त्या अभ्यासकांना खुल्या केल्या. निवृत्तिवेतनाच्या अर्जांच्या फायलींचे अंकीकरण करून २०१४ पासून त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करण्यात आल्या. ज्या फायली एकेकाळी लाभ द्यावा की नाही एवढ्यासाठीच उघडल्या जात, त्या आता गावपातळीवरील लढ्याच्या इतिहासाचे समृद्ध साधन ठरल्या. मंजूर अर्जांइतकेच नामंजूर अर्जही तेथे बोलके ठरले.

८. महाविद्यालयांपुढील कार्य

मराठवाड्यात या कार्याचा पाया काही प्रमाणात घातला गेला आहे. अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजी आठवणी आणि राज्य शासनाच्या दर्शनिका विभागाने प्रसिद्ध केलेले स्वातंत्र्यसैनिकांचे चरित्रकोश उपलब्ध आहेत. उणीव आहे ती गावपातळीवरील साधनांची. १९४८ साली अठरा वर्षांचा असलेला कार्यकर्ता आज हयात असल्यास पंचाण्णव वर्षांच्या आसपास असेल. म्हणून हे कार्य पुढे ढकलण्याजोगे नाही. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांना पुढील गोष्टी हाती घेता येतील.

(१) ताम्रपत्र ज्या घरात आहे, तेथील अर्जाच्या प्रती, प्रतिज्ञापत्रे, शिबिरप्रमुखांची प्रमाणपत्रे आणि पत्रव्यवहार यांची छायाचित्रे घ्यावीत. मूळ कागद कुटुंबाकडेच राहावेत. ताम्रपत्र मौन पाळते. ही कागदपत्रे बोलतात.

(२) प्रत्येक दाव्यातील व्यक्तीचे वय, शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील तारीख, गाव, शिबिराचे नाव आणि घटनेचा दिनांक हे परस्परांशी ताडून पाहावेत. एकाच मजकुराची अनेक प्रमाणपत्रे आढळल्यास त्यांचे साक्षमूल्य स्वतंत्रपणे ठरवावे.

(३) उर्दू विभागाच्या सहकार्याने जुने आदेश व निकाल वाचून घ्यावेत आणि फसली दिनांकांचे रूपांतर नोंदवावे. मराठवाड्यातील महाविद्यालयांत मराठी, उर्दू आणि इतिहास हे विभाग अनेकदा एकाच छताखाली असतात. हा लाभ अन्यत्र सहजी मिळत नाही.

(४) मुले, सुना आणि नातवंडे यांच्याकडून ऐकलेल्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. परंतु ती ऐकीव साक्ष आहे अशी स्पष्ट नोंद ठेवावी. स्त्रियांच्या आठवणी स्वतंत्रपणे घेतल्यास आसरा, अन्न आणि स्थलांतर यांचा इतिहास समोर येण्याची शक्यता अधिक असते.

(५) ज्यांनी अर्ज केला नाही किंवा ज्यांचा अर्ज नामंजूर झाला, त्यांचीही नोंद करावी. अभ्यासकाचे काम लाभ मंजूर करण्याचे नाही. त्यामुळे त्याला 'पात्र' आणि 'अपात्र' या दोन कप्प्यांत माणसे बसविण्याचे बंधनही नाही.

(६) संशयास्पद वाटणाऱ्या दाव्यांबाबत संयम पाळावा. आरोप करणे हे संशोधन नव्हे. कुटुंबांची खासगी व आर्थिक माहिती प्रसिद्ध करू नये.

जिल्हा कार्यालयांतील जुन्या प्रकरणांच्या जतनासाठी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ ची चौकट उपलब्ध आहे. लाभार्थ्याच्या आणि त्याच्या वारसाच्या निधनानंतर फाईल निरुपयोगी झाली असे प्रशासनास वाटू शकते. इतिहासासाठी मात्र तिचा उपयोग तेथूनच सुरू होतो. अशा फायली नष्ट होऊ न देता अभिलेखागाराकडे सोपवाव्यात, अशी मागणी महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी एकत्रितपणे करणे उचित ठरेल.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. १९७२ चे ताम्रपत्र हा किताब नाही आणि हक्काचा दस्तऐवजही नाही. ती राष्ट्राने व्यक्त केलेली कृतज्ञता आहे. तिच्याशी निगडित निवृत्तिवेतनाची व्यवस्था तुरुंगाच्या नोंदींवर आधारलेली होती. हैदराबाद संस्थानातील, विशेषतः सीमेलगतच्या परिसरातील लढ्याचे स्वरूप त्या नोंदींत पूर्णपणे मावणारे नव्हते. दुय्यम पुराव्याच्या वाटेने अनेक खऱ्या सैनिकांना न्याय मिळाला, तशी काही खोट्यांनाही संधी मिळाली. न्यायालयांनी उदारता आणि दक्षता या दोहोंची आवश्यकता सांगितली.

निवृत्तिवेतन शासनाने द्यावयाचे असते आणि त्याला अंतिम तारीख असू शकते. इतिहासात नोंद होणे हा त्याहून वेगळा सन्मान असून त्याला अंतिम तारीख नाही. हसनाबादसारख्या गावांतून कोण सीमेपार गेले, कोणी आसरा दिला, कोण परतले नाही, याची साधार नोंद होईल तेव्हा सन्मानपत्राअभावी वगळल्या गेलेल्यांना त्यांचे स्थान मिळेल आणि ज्यांच्या घरी ताम्रपत्र आहे, त्यांच्यावरील अकारण संशयही दूर होईल.